विनापरवाना शिकलेली भाषा

परवानगीशिवाय ज्याला शिंकसुद्धा येत नाही असा माणूस साऱ्या कतारमध्ये मी एकच पाहिला, आणि माझ्या सुदैवानं ते कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारच्या सीटवर बसत. बसण्याआधी विचारत. ती खिडकीजवळची सीट वर्षानुवर्षं त्यांचीच होती, तिच्या गादीवर त्यांच्या आकाराचा खड्डा पडलेला होता, दुसरं कुणी चुकून बसलंच तर आमचा ड्रायव्हर प्रेम गाडी सुरू करत नसे, तरीही रोज सकाळी काका जेवणाचा डबा छातीशी धरून माझ्यापुढे उभे राहत आणि म्हणत, "बसू का?" मी "बसा" म्हटल्याशिवाय त्यांचा गुडघा वाकत नसे. एकदा मला डुलकी लागली होती म्हणून उत्तर आलं नाही, तर अल खोरच्या आमच्या वसाहतीपासून रास लफानच्या प्लांटच्या गेटपर्यंत ते दांडा धरून उभे राहिले. मी ओशाळून विचारलं, "काका, बसायचं ना सरळ." ते म्हणाले, "तू जागा नव्हतास. झोपलेल्या माणसाची सही ग्राह्य नसते."

सहीचं हे वेड त्यांच्या कामातून आलं होतं. गॅसच्या प्लांटमध्ये ते परमिटचं काम बघत. तिथे कागदावर सही झाल्याशिवाय एक नटसुद्धा सैल करता येत नाही. काय काम आहे, त्यात धोका काय, तो टाळायला काय केलं, हे सगळं लिहायचं आणि ती जागा ज्याच्या ताब्यात आहे त्या मालकाची सही घ्यायची. मगच पाना लावायचा. "ज्याची जागा, त्याची सही" हे काकांचं एकमेव तत्त्वज्ञान होतं आणि ते त्यांना आयुष्यात सगळीकडे पुरलं. अल खोरमधली सगळी मराठी मंडळी त्यांना परमिटकाका म्हणत. खरं नाव फक्त पासपोर्टात होतं.

हे तत्त्वज्ञान गेटच्या आत राहिलं असतं तर काकूंचा संसार सोपा झाला असता. पण काकांच्या खिशात कायम लाल कार्डं असत, दोऱ्यासकट. प्लांटमध्ये एखादा व्हॉल्व्ह बंद ठेवायचा असला की त्याला असं कार्ड लटकवतात: काम चालू आहे, हात लावू नये. ज्यानं लावलं त्यानंच काढायचं, दुसऱ्या कुणी नाही, मग तो कंपनीचा मालक का असेना. काकांनी घरातला बल्ब बदलताना बटणाला कार्ड लावलं, हेही एकवेळ समजू शकतो. पण एका हिवाळ्यात गीझर दुरुस्त करायला घेतला, त्याच्या बटणाला कार्ड आणि कार्डाला छोटं कुलूप लावलं, आणि किल्ली खिशात घालून ड्युटीवर निघून गेले. दुपारी काकू टॉवेल आणि साबण घेऊन आमच्या दारात उभ्या होत्या. त्या चिपळूणच्या. रागावल्या की आवाज वाढत नाही, उलट खाली येतो. "तुमच्याकडे गरम पाणी आहे का?" त्यांनी हळू विचारलं. "आमच्याकडे त्याला अटक झाली आहे."

आता मी कसा त्यांच्या शेजारी टिकलो हे सांगायला हवं, कारण परवानगी या गोष्टीशी माझं जन्मजात वैर आहे. माझे आईवडील दोघंही चळवळीतले. इतर मुलं गादीवर झोपत, मी पत्रकांच्या गठ्ठ्यांवर. वह्यांना कव्हर म्हणून मोर्चाची उरलेली पत्रकं असत, त्यामुळे तिसरीतली माझी गणिताची वही बाहेरून 'आता माघार नाही' असं म्हणत असे आणि आत वजाबाकी असे. परवानगी मागणं म्हणजे निम्मं हरणं, हे मी बाराखडीबरोबर शिकलो. पुढे संगणकाची डिग्री घेतली, दोन वर्षांच्या कंत्राटावर इथे आलो, आणि नियतीनं मला कुणाच्या शेजारी बसवलं तर यांच्या. काका मला क्रांतिवीर म्हणत. "काय क्रांतिवीर, आज कुणाचा निषेध?" अशी आमची सकाळ सुरू होई. मी तावातावानं बोलत असे, ते मान डोलावत ऐकत आणि उतरताना म्हणत, "मुद्दा बरोबर आहे. अर्ज कुणाकडे करायचा तेवढं शोधून ठेव."

अशा माणसानं एक आख्खी भाषा विनापरवाना उघडली, ही गोष्ट मला सांगायची आहे.

झालं असं की एका शुक्रवारी काका मोबाइलवर गळक्या व्हॉल्व्हची दुरुस्ती कशी करावी याचा व्हिडिओ बघत होते. सुट्टीच्या दिवशी माणसं सिनेमे बघतात, काका व्हॉल्व्ह बघत. तो व्हिडिओ संपला आणि मोबाइलनं आपल्या मनानं दुसरंच काहीतरी लावलं. खरखरीचं जुनं रेकॉर्डिंग. एक म्हातारी बाई कुठल्याशा भाषेत काहीतरी सांगते आहे, सांगता सांगता मध्येच थांबते, आणि हसते. साधं हसणं नाही. आधी नाकातून, मग आवरायचा प्रयत्न, मग आवरेना म्हणून सगळंच सोडून दिलेलं हसणं. काका व्हॉल्व्ह विसरले. त्यांनी ते पुन्हा लावलं. संध्याकाळपर्यंत काकूंनी ते हसणं इतक्यांदा ऐकलं की त्या भाजी चिरता चिरता बाईंच्या आधी हसू लागल्या.

सोमवारी बसमध्ये काकांनी मला सगळी माहिती दिली. भाषेचं नाव वाशो. अमेरिकेत दोन राज्यांच्या सीमेवर, डोंगरांत, एक भलंमोठं निळं तळं आहे, त्याच्या भोवतालच्या लोकांची ही भाषा. लहानपणापासून ती बोलणारे म्हातारे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेले. तिथली तरुण मंडळी वर्ग घेताहेत, मुलांना शिकवताहेत, जुन्या टेपा ऐकून एकेक शब्द परत घरी आणताहेत. हे सगळं सांगून काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आणि हिला नातेवाईक नाहीत रे."

"कुणाला?"

"भाषेला. आपल्या मराठीला कशा बहिणी आहेत, हिंदी आहे, गुजराती आहे, मावश्या आहेत. हिची जवळची म्हणावी अशी कुणीच नाही. एकटी आहे." एखादी बाई एअरपोर्टवर एकटी बसलेली दिसावी तसं ते बोलत होते.

मग त्यांनी आपला सिद्धांत मांडला. प्लांटमध्ये महत्त्वाच्या प्रत्येक पंपाला जोडीला एक राखीव पंप असतो. मुख्य पंप बंद पडला तर राखीव चालू होतो. पण तो राखीव पंप नुसता ठेवून चालत नाही, अधूनमधून चालवावा लागतो, नाहीतर उभ्या उभ्या जाम होतो. "मला सांग, या भाषेचा राखीव पंप कुठे आहे?"

"कुठे?"

काकांनी छातीशी धरलेला डबा किंचित वर उचलला. "इथे."

त्या दिवसापासून राखीव पंप रोज चालू लागला. काका इंटरनेटवरचे धडे ऐकत, डोळे मिटून उच्चार करत, घशात मध्येच एक झडप बंद करून उघडल्यासारखा आवाज काढत. तो त्या भाषेत लागतो म्हणे. वरच्या मजल्यावरून कुणीतरी काकूंना विचारलं की साहेबांचा घसा धरलाय का. आणि पंप चालवायचा तर दाब सोडायला जागा हवी, म्हणून त्यांनी शब्द वाटायला सुरुवात केली. माणसागणिक एक शब्द, असा नियम. प्रेमला 'तळं' दिलं. वसाहतीतून निघालं की एका वळणावर क्षणभर समुद्र दिसतो. तिथे आल्यावर प्रेम मोठ्यानं तो शब्द पुकारू लागला, आणि बसमधले केरळचे, बिहारचे, फिलिपिन्सचे लोक ते थांब्याचं नाव समजून एकदम जागे होऊ लागले. कोपऱ्यावरच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, कोयाभाई बसतात. ते मलबारचे. त्यांच्याकडे चिलगोजे मिळतात आणि त्या डोंगरातल्या लोकांचंही ते जुनं खाणं, म्हणून कोयाभाईंना 'चिलगोजा' मिळाला. मला 'वारा' मिळाला. काकूंना काहीतरी द्यायला गेले तेव्हा काकू म्हणाल्या, "माझ्याकडे जागा नाही. चाळीस वर्षांचं तुमचंच बोलणं साठलंय."

हे शब्द मूळ भाषेत कसे होते ते मी इथे लिहिणार नाही. का, ते पुढे कळेलच.

मी मात्र पेटलो होतो. त्या लोकांच्या मुलांना एके काळी घरातून उचलून बोर्डिंग शाळांत नेलं, घरची भाषा तोंडातून निघाली की शिक्षा केली, हे वाचून माझी झोप उडाली होती. अशा वेळी माझ्या घराण्यात एकच गोष्ट केली जाते. मी पत्रक लिहिलं. इथे पत्रकं वाटत नाहीत, हे मलाही ठाऊक होतं. हे फक्त समविचारी लोकांत, म्हणजे काकांना बसमध्ये वाचून दाखवण्यापुरतं होतं. मथळा होता 'एक भाषा मरते तेव्हा आपण काय करत असतो?' काका समाधानानं ऐकत होते. तिसऱ्या परिच्छेदात मी आवाज चढवून वाचलं, "भाषा ही कुणाच्या बापाची जहागीर नाही. ती साऱ्या माणसांची आहे."

काकांनी हात वर केला. "थांब. परत वाच."

मी परत वाचलं.

"बापाची नसेल," काका सावकाश म्हणाले, "आईची तर आहे. म्हणजे मालक आहे."

"काका, मुद्दा तो नाही."

"मालक आहे," काका पुन्हा म्हणाले, आणि त्यांचा चेहरा मी जन्मात पाहिला नव्हता इतका पांढरा पडला. "आणि मी परमिट घेतलं नाही. मी दुसऱ्याची चालू लाइन उघडली. वर त्यातला माल वाटला." उतरताना त्यांनी खिशातून लाल कार्ड काढलं आणि मोबाइलला बांधलं.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले, निदान काकांचे. आपलं वाशो त्यांनी जागच्या जागी बंद केलं. रेकॉर्डिंगही ऐकेनात. वळणावर प्रेम आपला शब्द पुकारी, तेव्हा काका दोन्ही कानांवर हात ठेवत. प्रेमनं मला आरशातून विचारलं, "काकाजी नाराज हैं क्या मुझसे?" मी त्याला परमिटचं समजावून सांगायचा प्रयत्न केला. तो ऐकून म्हणाला, "शब्द का भी परमिट? यहाँ तो हर चीज़ का अक़ामा लगता है." अक़ामा म्हणजे इथे राहण्याचा परवाना. आणि काका वर्षअखेर निवृत्त होऊन नाशिकला जाणार होते. त्याआधी त्यांना एकच गोष्ट हवी होती, ती त्यांनी मला एका दुपारी कॅन्टीनमध्ये सांगितली. "मला काही विद्वान व्हायचं नाही. त्या बाई का हसल्या, तेवढं कळलं की झालं. पण कळून घ्यायलाही परवानगी हवी."

मी चिडलो. म्हटलं, भाषा म्हणजे गॅसची पाइपलाइन नव्हे. काका म्हणाले, "पाइपलाइन परत घालता येते."

मग त्यांनी अर्ज केला. त्या लोकांच्या भाषेच्या वर्गाचा एक पत्ता इंटरनेटवर होता, त्यावर पाठवला. इंग्रजी माझं, मजकूर त्यांचा. कामाचं स्वरूप: एका हसण्याचं कारण समजून घेणे. आजवर झालेलं अनधिकृत काम: तीन शब्दांचं वाटप. धोके: चुकीचा उच्चार, अर्थाची झीज, गळती. गळतीची शक्यता: मध्यम. खबरदारी: अर्जदारानं स्वतःला बंद केलं आहे. आणि खाली रिकामी चौकट, त्यावर लिहिलेलं: जागेच्या मालकाची सही. मी म्हटलं, "काका, हे वाचून ते आपल्याला वेडे समजतील." ते म्हणाले, "समजू दे. वेड्याचा अर्ज तरी पूर्ण भरलेला असावा."

उत्तर यायला बरेच आठवडे लागले. ते एका शिक्षिकेचं होतं, दोन ओळींचं: सही करता येणार नाही, पण बोलू या, व्हिडिओ कॉल करा. शुक्रवारची संध्याकाळ ठरली. तिकडे तेव्हा सकाळ. मी गेलो तर काका हॉलमध्ये सोफ्यावर ताठ बसलेले, अंगात प्लांटचा निळा कव्हरऑल, त्यावर चमकणाऱ्या पट्ट्या, पायांत सेफ्टी शूज. काकू स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "हेल्मेट मी लपवलं म्हणून वाचलो."

स्क्रीनवर तिशीतली एक बाई आली. हातात कॉफीचा मोठा मग, मागे फळ्यावर मुलांनी काढलेली चित्रं. तिनं काकांकडे नीट पाहून विचारलं, "तुम्ही आग विझवायला आहात का?"

"नाही," काका म्हणाले. "मी लागू नये म्हणून आहे."

ती हसली. बोलणं इंग्रजीत चाललं होतं, पण सूर आमच्या हॉलमधलाच होता. "तुमचा अर्ज आम्ही वर्गात मोठ्यानं वाचला," ती म्हणाली. "गळतीची शक्यता मध्यम, यावर बराच वेळ चर्चा झाली."

"गळती झालेली आहे," काकांनी मान खाली घालून कबूल केलं. "ड्रायव्हर, दुकानदार, आणि हा." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. मी नमस्कार केला.

तिनं मागच्या चित्रांकडे एकदा वळून पाहिलं. मग म्हणाली, "आमच्या आज्या लहान होत्या तेव्हा ही भाषा बोलल्या की त्यांना शिक्षा व्हायची. पुढे ती संपत आली तेव्हा लोक टेप घेऊन आले. कुणी टोपल्या नेल्या, कुणी गाणी नेली. विचारलं फार थोड्यांनी."

"मीही नाही विचारलं. आधी उघडलं, मग विचारलं."

"हो," ती म्हणाली. तिनं त्यांना सोडलं नाही, हे मला आवडलं. "पण बंद करून विचारलंत. तर माझं म्हणणं असं आहे. ऐका. ऐकायला कुणाची हरकत नाही. पण शिकवू नका, वाटू नका. आधी आमची मुलं. ही भाषा आपल्या घरात मिळते, असं त्यांना वाटायला हवं. वाळवंटातल्या बसमध्ये मिळते, असं नको."

माझ्याच्यानं राहवलं नाही. मी मध्ये तोंड घातलं. म्हटलं, बोलणारे जितके वाढतील तितकी भाषा टिकेल, मग ते कुठले का असेनात.

तिनं कॉफीचा घोट घेतला. "तुमच्या बसमध्ये प्रत्येकाकडे एक शब्द आहे ना? तेवढ्यात तुम्हाला एकमेकांशी भांडता येतं का?"

"नाही."

"मग ते टिकणं नव्हे. आम्हाला भांडता यायला हवं."

माझ्या लहानपणीच्या कुठल्याही गठ्ठ्यात यावर उत्तर नव्हतं. काकांनी माझ्याकडे बघून अशी मान हलवली, जणू काही माझाही दाब नीट खाली आला.

"आता ते हसणं," काका चाचरत म्हणाले. "तेवढं सांगता येईल का?"

तिचा चेहरा एकदम उजळला. "ते? ती टेप नेमकी तिथेच झिजली आहे. त्याच्यावर आमच्या वर्गात तीन मतं आहेत. एक म्हणतो, ती कोल्ह्याच्या गोष्टीला हसते. माझी मावशी म्हणते, कोल्हा नव्हे, नवरा. तिसरं मत मी सांगणार नाही, वर्गात लहान मुलं आलीत. परवा यावरून दोघं एकमेकांशी बोलेनासे झाले."

"भांडले?" काकांनी विचारलं.

"खूप."

"वाशोत?"

"अर्ध्याच्या वर वाशोत."

काका मागे टेकले. इतक्या आठवड्यांत त्यांची पाठ पहिल्यांदा सोफ्याला लागली. मला मराठीत हळूच म्हणाले, "मुख्य पंप चालू आहे रे."

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. त्यांनी ट्रे ठेवला, स्क्रीनसमोर वाकल्या, आणि आपल्या इंग्रजीत, जे त्यांनी आजवर फक्त बँकेत वापरलं होतं, म्हणाल्या, "मी सांगू? मी ते रोज ऐकलंय. ती गोष्टीला हसतच नाही. तिच्यासमोर एक पुरुष माइक धरून बसलाय आणि फार गंभीर चेहरा करून बसलाय. त्याला हसते ती." आणि कव्हरऑल घालून ताठ बसलेल्या काकांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "असा."

स्क्रीनवरची बाई क्षणभर थांबली. मग आधी नाकातून, मग आवरायचा प्रयत्न, मग आवरेना म्हणून कॉफीचा मग खाली ठेवून ती हसली. मागून दोन मुलं धावत आली, काय झालं विचारू लागली. ती डोळे पुसत त्यांच्याशी त्यांच्या भाषेत काहीतरी बोलली, आणि मुलंही काकांकडे बघून हसायला लागली. काका त्या पोरांकडे बघत होते. त्यांना काय म्हटलं गेलं ते त्यांना कळलं नव्हतं आणि त्याचं त्यांना काहीच वाटत नव्हतं.

दुसरा कुणी इथे थांबला असता. पण काम थांबलं की परमिट बंद करायचं असतं, आणि बंद करताना जागा होती तशी करून द्यायची असते. शनिवारी सकाळी काका शब्द परत गोळा करायला निघाले. मी सोबत होतो, साक्षीदार म्हणून.

कोयाभाईंनी ऐकून घेतलं आणि गल्ल्यामागून विचारलं, "काका, वापस कैसे देगा? ये तो मेरे मुँह में है."

"आप बस बोलना बंद करो. बदले में दूसरा देता हूँ." काढलेल्या जागी भोक ठेवायचं नाही, त्याच मापाचा दुसरा नग बसवायचा, हाही प्लांटचाच नियम. काकांनी मराठीतला 'चिलगोजा' देऊ केला. कोयाभाई म्हणाले, हा तर हिंदीतही हाच आहे, यात नवीन काय मिळालं. काका अडचणीत आले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, चिलगोज्यांच्या बरणीत हात घातला, खोलगट तळवा भरून वर काढला आणि म्हणाले, "पसाभर." कोयाभाईंनी तो शब्द तोंडात घोळवून पाहिला, स्वतःचा तळवा भरून पाहिला, आणि व्यवहार मान्य केला. काका घरी आल्यावर काकू म्हणाल्या, "माझ्या आजीचा शब्द दुकानात दिलात? मला विचारलं होतंत?" काका दारातच थबकले. "विचारायचं राहिलं," ते म्हणाले. काकूंनी त्यांना उंबऱ्यावर जरा वेळ उभं ठेवलं आणि मग सही केल्यासारखी मान हलवली.

प्रेमला जड गेलं. "काकाजी, वो मोड़ पे मैं क्या बोलूँगा? सब लोग मेरी आवाज़ से उठते हैं." काकांनी विचार केला आणि त्याला सांगितलं, पाणी दिसलं की म्हणायचं, "आलं बरं का." प्रेमनं मान तिरकी करून दोनदा म्हणून पाहिलं. 'बरं का' त्याला विशेष आवडलं.

माझ्याकडे ते शेवटी आले. मी आधीच सांगून टाकलं की मी देणार नाही. दिलेला शब्द परत मागता येत नाही, हे तत्त्व आहे. मला वाटलं, वाद होईल. काका हसले. "मला माहिती होतं. आणि तुला बदली काय देऊ? तुझ्याकडे शब्द आधीच जास्त आहेत." त्यांनी खिशातून लाल कार्ड काढून माझ्या हातात दिलं. "ठेव तुझा वारा. पण बंद ठेव. ज्यानं लावलं त्यानंच काढायचं, लक्षात आहे ना?"

डिसेंबरात काका-काकू नाशिकला गेले. एअरपोर्टवर सोडायला मी आणि प्रेम गेलो होतो. आत जाण्याआधी काका माझ्यासमोर उभे राहिले, बसमध्ये राहत तसे, आणि त्यांनी विचारलं, "निघू का?" मला उत्तर द्यायला जरा वेळ लागला, आणि ते खरोखरच तोवर थांबले. मागून काकू म्हणाल्या, "दे रे लवकर परवानगी, विमान जाईल."

मधूनमधून त्यांचा फोन येतो. ते ती टेप अजून रोज ऐकतात, नुसती ऐकतात. शिक्षिकेचा निरोप आला होता म्हणे: काकूंचं मत चौथं म्हणून वर्गात लावून धरलं गेलंय, मावशी फुटून त्या बाजूला आली आहे, आणि भांडण आता आणखी वाढलंय. हे सांगताना काकांचा आवाज नातवाचं बारसं सांगावं तसा होता. कोयाभाई मराठी गिऱ्हाईक दिसलं की अजून बरणीकडे हात दाखवून विचारतात, "पसाभर?" त्यातल्या नव्या पोरांना त्याचा अर्थ ठाऊक नसतो. मग कोयाभाई त्यांना तळवा खोलगट करून दाखवतात.

माझ्या शेजारी आता पुण्याचा एक नवा इंजिनिअर बसतो. चांगला मुलगा आहे. येतो आणि बसतो, विचारत नाही. मला दर वेळी राग येतो आणि कशाचा निषेध करावा ते कळत नाही.

या दिवसांत उत्तरेकडून वारा सुटतो. सकाळी बसची वाट बघत उभा असलो की तो समुद्रावरून येऊन कानात शिरतो, आणि माझा शब्द जिभेवर येऊन उभा राहतो. खिशात हात घालून मी ते कार्ड चाचपतो आणि तोंड मिटून घेतो. मग बस येते, वळण येतं, डाव्या खिडकीत क्षणभर निळं दिसतं, आणि पुढून प्रेम, कुणाला विशेष असं नाही, साऱ्या बसला सांगतो, "आलं बरं का."